चौघांसाठी बँगर

घरातल्या सगळ्यांची सहल आखायची तर सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करायची, ही माझी पद्धत आहे. आमच्याकडे ते माणूस म्हणजे बायको. तिचा उजवा गुडघा सपाट रस्त्यावर पाव तास साथ देतो, चढावर त्याच्या निम्मा. त्यामुळे कुठेही जायचं ठरलं की मी आधी बसायची बाकं शोधतो, मग स्वच्छतागृहं, मग जेवायची जागा. बघण्यासारखं काय आहे ते सगळ्यांत शेवटी. हे सगळं एका तक्त्यात घालतो आणि घरातून निघाल्यावर तक्त्याशी वाद घालायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मुलं त्यावरून थट्टा करत आली आहेत. मुलगी शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची की आमचे बाबा धबधबा बघायला जात नाहीत, धबधब्याशेजारचं बाक बघायला जातात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी बँगरचा तक्ता करायला घेतला. बँगर वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. तिथे जुनं कॅथेड्रल आहे आणि कागदोपत्री ते शहर आहे, पण नकाशावर मोजून पाहिलं तेव्हा आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावाच्या एका कोपऱ्यात ते मावलं असतं. एक लांबलचक बाजाररस्ता, टेकडीवर विद्यापीठ, आणि खाली सामुद्रधुनीत शिरलेला लाकडी फळ्यांचा पिअर, म्हणजे पायी फिरायचा धक्का. मुलगी तिथे समुद्रशास्त्र शिकते.

मिशिगनमध्ये वाढलेली मुलगी तिथे का शिकते, ते सांगायला हवं. आम्ही इथे आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. मुलगा नंतर इथेच जन्मला. त्यामुळे त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा आणि तिचा आमच्यासारखा भारताचा. माझ्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तेव्हा ती दुसरीत होती. भारतीयांची रांग मोठी आहे आणि आमचा नंबर अजून लागलेला नाही. वडिलांच्या अर्जात मुलांची नावं असतात, पण एकविसाव्या वाढदिवसाला ती त्यातून गळतात. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिच्या आईने तिला ओवाळलं, मी केक कापताना फोटो काढले, आणि त्याच दिवसापासून ती या देशात आमची कुणी राहिली नाही. पुढे विद्यार्थी व्हिसावर शिक्षण पुरं केलं. तळ्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम केलं. नोकरीच्या व्हिसाची लॉटरी असते, तिच्यात नाव आलं नाही. तिला जावं लागलं. पुण्यात माझी बहीण आहे, पण मुलीला पुणं माहीत ते तीन-चार सुट्ट्यांपुरतं. बँगरला प्रवेश मिळाला म्हणून ती बँगरला गेली.

तिथून तिने आम्हाला भेटायला येण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा मागितला, तो नाकारला. आईवडील इथे आहेत, त्यामुळे ती परत जाणार नाही असा त्यांना संशय. मग मी कॅनडाचा विचार केला. डेट्रॉईटच्या नदीपलीकडे विंडसर दिसतं. ती तिथे उतरेल, आम्ही पूल ओलांडून जाऊ. कॅनडानेही नकार दिला. परतण्याइतके बंध दिसत नाहीत, असं लिहिलं होतं. कुठे परतण्याइतके, ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे उरलं एकच, आम्ही तिकडे जायचं. त्यात अडचण अशी की माझ्या आणि बायकोच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली आहे. इथे राहायला ते चालतं, नोकरीचे कागद नवे होत राहतात. पण कॅनडाची छोटी फेरी सोडली, तर एकदा बाहेर पाऊल टाकलं की व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. तो शिक्का लंडनला मिळायचा. ऑफिसातले दोघे तसा घेऊन आले होते. म्हणून ठरलं: नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात आधी लंडन, तिथे शिक्का, आणि पासपोर्ट हातात यायच्या मधल्या दिवसांत एक अख्खा दिवस बँगर. दिवाळी तोवर होऊन गेलेली असेल, पण भाऊबीज उशिरा केली तरी चालते, असं बायकोचं मत पडलं. दीड वर्ष भावंडं भेटली नव्हती.

गणपतीच्या आरतीनंतर मंडळातल्या एका काकांना हे सांगितलं. ते निवृत्त आहेत आणि केव्हाच नागरिक झालेले आहेत.

"वेल्समध्ये काय बघायचंय?" ते म्हणाले. "लंडन नीट करा. राजवाडा, तो मोठा पाळणा."

"मुलगी बँगरला आहे, काका."

"अरे, मग तिला बोलव लंडनला."

काकांना समजावणं सोपं नव्हतं. बायकोला लंडन नको होतं. तिला मुलीची खोली बघायची होती, ती भाजी कुठून आणते ते बघायचं होतं, कुठल्या रस्त्याने घरी येते ते बघायचं होतं.

तक्ता करताना रविवारी सकाळी मुलीचा फोन असायचा. तिच्याकडे तेव्हा दुपार. फोन हातात धरून ती रस्त्याने चालायची आणि मी इथे टेबलाशी बसून लिहून घ्यायचो.

"बाबा, स्टेशनसमोर एक बाक आहे, पण ओलं असतं."

"पुसायला नॅपकिन लिहितो."

"लिही. आता चढ आला. आईला हा जमणार नाही, इथे टॅक्सी कर."

"किती चढ?"

"यार बाबा, चढ म्हणजे चढ. मी दमले."

"तू दमलीस म्हणजे आईला दुप्पट."

मागून बायको ओरडायची, "मी ऐकतेय हं."

पिअरवर मात्र सोय होती. तिथे कडेने बाकं आहेत, आईला राणीसारखं बसत बसत टोकापर्यंत जाता येईल, असं मुलीने कळवलं. टोकाला चहा मिळतो. नोव्हेंबरात तिथे उजेड चारच्या सुमाराला संपतो. म्हणून मी उलटीकडून हिशेब केला. उजेड जाण्याआधी टोकाला चहा, त्याआधी पिअर, त्याआधी कॅथेड्रल, त्याआधी मुलीच्या खोलीवर जेवण. बायको इथून तिखटमिठाच्या पुऱ्या करून नेणार होती. औक्षण खोलीवर करता येत नव्हतं, कारण वसतिगृहात काडी ओढली तरी भोंगा वाजतो. ते मी पिअरच्या टोकाला टाकलं.

सप्टेंबरात नियम बदलला. शिक्का आता ज्याने त्याने आपल्या देशात जाऊन घ्यायचा. लंडन संपलं. पुण्याला जाऊन मुंबईला मुलाखत देता आली असती, पण तिथल्या तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. लग्नासाठी म्हणून गेलेली आणि महिनोन्‌महिने तिकडेच राहिलेली माणसं आमच्याच मंडळात होती. आमच्या कंपनीच्या वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की जायला कायद्याने बंदी नाही, पण त्या माझ्या जागी असत्या तर गेल्या नसत्या. मी विचारलं, अडकलो तर नोकरी राहील का? त्या म्हणाल्या, तो प्रश्न तुमच्या विभागाला विचारा. विभागाला विचारलं. साहेब भला माणूस आहे. तो म्हणाला, काही आठवडे सांभाळीन, काही महिने सांभाळू शकणार नाही. नोकरी गेली की ग्रीन कार्डाची रांगही डळमळते, घराचा हप्ता आहे, मुलगा दहावीत. मी सगळं मांडून पाहिलं. कुठल्याही बाजूने मांडलं तरी उत्तर एकच येत होतं.

बायकोने ते मान्य केलं नाही. "मी एकटी जाते," ती म्हणाली. "नोकरी तुमची आहे. मी अडकले तर अडकले. पुण्याला वन्संकडे राहीन."

"किती दिवस?"

"असतील तितके."

"आणि इथे?"

"इथे तुम्ही दोघं आहात. वरण-भात लावता येतो तुम्हाला."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून मुलगी म्हणाली, "आई, तू येऊ नकोस."

"का गं?"

"एक जण बाहेर आहे ते पुरे. तू पुण्यात, मी इथे, ते दोघं तिथे. मग तीन ठिकाणी फोन करायचे का?"

मुलगा शेजारी सीरिअल खात उभा होता. त्याने चमचा खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, मी जाऊ शकतो. आम्ही तिघांनीही त्याचा विचारच केला नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलाला विमान कंपनी एकटं घेते, त्याच्या पासपोर्टला शिक्का लागत नाही. घरात तो एकटाच होता ज्याला जाता येत होतं आणि परत येता येत होतं.

मी तिकिटं बदलली, विमा बदलला, संमतीपत्रावर दोघांच्या सह्या केल्या. मँचेस्टरच्या विमानतळावर त्याला घ्यायला मुलगी येणार, तिथून गाडीने दोघं बँगरला. हे सगळं नव्याने लिहिलं. बँगरच्या दिवसाचा तक्ता मात्र तसाच राहिला. विसरलो असं नाही. तो उघडून बघावासा वाटला नाही, म्हणून तसाच छापून त्याच्या पाकिटात घातला. बायकोने त्याच्या बॅगेत पुऱ्या, कुंकवाचा करंडा, सुपारी आणि तिच्या माहेरचं चांदीचं निरांजन घातलं. निरांजन मोज्यात गुंडाळलं होतं. विमानतळावर तिने त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच झालाय, त्यामुळे तिला हात वर करावे लागले.

"ताईला सांग, बारीक झालीस तर बघ."

"ओके."

"ओके काय. सांगशील ना?"

"सांगतो, आई."

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघं सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो, मधे फोन. दुसरी छापील प्रत मी माझ्यासमोर ठेवली होती.

पहिला फोटो आला तो बाकाचा. स्टेशनसमोरचं ओलं बाक, त्यावर पसरलेला नॅपकिन आणि नॅपकिनवर कुणीच नाही. खाली मुलाने लिहिलं होतं, आई इज रेस्टिंग.

बायको हसली. "बघा तुमचा लेक."

मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. तक्त्यात चालण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर लिहिलेलं होतं, 'आई बसेल'. मुलगा तक्ता जसाच्या तसा पाळत होता. घरातून निघाल्यावर तक्त्याशी वाद घालायचा नाही.

पुढचा फोटो कॅथेड्रलच्या बाहेरचा. रिकामं बाक आणि त्याच्या दोन टोकांना दोघं भावंडं, मधे एका माणसाची जागा सोडलेली. बायको पुन्हा हसली, पण कमी. तिसरा फोटो पिअरच्या सुरुवातीचा होता, मागे राखाडी पाणी आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची झाडं. त्यानंतर ती उठली आणि सिंकशी जाऊन कालची मोठी पातेली घासायला लागली. ती पातेली भांड्यांच्या मशीनमध्ये जातात. मी तिला ते म्हटलं नाही. मुलाला लिहिलं की बसू नका, पुढे चला, थंडी आहे. त्याचं उत्तर आलं, इट सेज टेन मिनिट्स.

आमच्याकडे अकरा वाजायला आले तेव्हा व्हिडिओ कॉल आला. दोघं पिअरच्या टोकाला होती. उजेड अजून होता, पण फार नव्हता. मुलगी खरंच बारीक झाली होती. मुलाने निरोप दिलेला असणार, कारण तिने पहिल्यांदा तेच बोलून टाकलं, "आई, मी बारीक नाहीये, जॅकेट मोठं आहे." मग म्हणाली, "बाबा, तुझ्या प्लॅनमध्ये चार चहा लिहिलेत. आम्ही दोनच घेतले."

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

तिने निरांजन काढलं. वात घातली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, मुलगा जॅकेट पसरून आडवा उभा राहिला, तीही विझली.

"आई, दिवा लागत नाहीये. वारा आहे."

"बाबांना विचार," बायको म्हणाली. "वाऱ्याचं त्यांनी काय लिहिलंय?"

मी वाऱ्याचं काही लिहिलं नव्हतं. समुद्रात शिरलेल्या पिअरच्या टोकाला दिवा लावायचं ठरवलं आणि बाकं, उजेड, चहा सगळं पाहिलं, वारा पाहिला नाही.

"तसंच ओवाळ," बायको म्हणाली.

"न पेटवता? चालतं?"

"चालतं. मी सांगते ना."

फोन रेलिंगला टेकवून ठेवला. मुलीने भावाला कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, विझलेलं निरांजन ओवाळलं. तो कपाळ पुढे करून उभा होता, डोळे मिटून. लहानपणी उभा राहायचा तसाच. मग ओवाळणी. आम्ही पाकीट दिलं होतं, ते त्याने दिलं. आणि मग जॅकेटच्या आतल्या खिशातून आणखी काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवलं. हे आम्हाला माहीत नव्हतं.

तो दगड होता. मिशिगनच्या तळ्याकाठी असे दगड सापडतात, एरवी साधे राखाडी दिसतात, ओले केले की त्यांच्यावर जुन्या प्रवाळाची षटकोनी नक्षी उमटते. दहा वर्षांची असताना तिने तो उचलला होता आणि तेव्हापासून तो तिच्या खोलीच्या खिडकीत होता. ती गेली तेव्हा खोली आवरून गेली. दगड तेवढा ठेवून गेली.

तिने तो बघितला. रेलिंगच्या खाचेत पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात बुडवून चोळला. फोनवरून नक्षी दिसत नव्हती.

"हा का आणलास?" तिने विचारलं.

"तुझा आहे ना."

"मी तो विसरले नव्हते. तिथे असू दे म्हणून ठेवला होता."

मुलाला हे कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "मी परत नेतो."

"नको," ती म्हणाली. "आता राहू दे इथेच."

तिने तो खिशात टाकला. बायको माझ्या शेजारी उभी होती, तिच्या हातांना साबण होता. ती म्हणाली, "पुऱ्या खाल्ल्यात का?" मुलगी म्हणाली, खाल्ल्या, चार उरल्यात. मग एक माणूस येऊन पिअर बंद होणार असं त्यांना सांगून गेला आणि फोन बंद झाला. तक्त्यात परतीच्या वाटेवरही बाकं होती. त्यांचे फोटो आले नाहीत.

रविवारी दुपारी मुलगा डेट्रॉईटला उतरला. नागरिकांच्या रांगेतून लवकर बाहेर आला. गाडीत त्याने बरंच सांगितलं. ताईच्या खोलीत जागा इतकी कमी की तो टेबलाखाली पाय घालून झोपला. भाजी ती पोर्तुगीज माणसाच्या दुकानातून आणते. ती आता तिथेच नोकरी शोधणार आहे, किनाऱ्याच्या एका प्रकल्पावर. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा मागणार नाही. हे तो इंग्रजीत सांगत होता, वर्गात काय झालं ते सांगावं तसं. बायको मागच्या सीटवर होती. मी आरशात बघितलं नाही.

"आणखी काही म्हणाली?" बायकोने विचारलं.

तो मराठीत म्हणाला, "ताई म्हणाली, पुढच्या वेळी बाबांना सांग, प्लॅन दोघांचाच करायला."

हायवेवर काम चालू होतं, एकच लेन उघडी होती, मी तिकडे लक्ष दिलं.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. उन्हाळ्यात मुलाला पुन्हा पाठवायचं तर तिकिटं आत्ताच बघायला हवीत, आणि काम समोर असेल तर मला बरं पडतं. बँगरचा तक्ता उघडून मी वरून 'चौघं' खोडून 'दोघं' लिहिलं. टॅक्सी काढली, चढ ती दोघं पायी चढतील. नॅपकिन काढले. मग एकेक करून 'आई बसेल' काढत गेलो. बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"काय करताय?"

"बाकं काढतोय."

तिने कप टेबलावर ठेवला. "काढा," ती म्हणाली, आणि मी सगळी काढेपर्यंत तिथेच उभी होती.

बाकं काढल्यावर दिवसात दीड तास मोकळा निघाला. उन्हाळ्यात उजेडही उशिरापर्यंत असतो, म्हणजे वेळ आणखी वाढला. कॅथेड्रल आधीच होतं, पिअर होता, चहा आता चाराचे दोन केले होते. त्या दीड तासाच्या चौकटीत काय घालायचं ते मला सुचलं नाही. ती अजून रिकामी आहे.